जोशी, कुडमुडे आणि नेमित्तिक : भविष्य सांगणाऱ्यांची नावे

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते तेव्हा बाबासाहेबांच्या जीवनावर, धम्मक्रांतीवर, पंचशीलावर लेख येतात आणि ते यावेतच. या वेळी संपादक मंडळाने आम्हांस "इतिहासावर चार पाने द्या" म्हणून सांगितले. आम्ही विद्यापीठात शिकलेलो नाही. साच्यावर उभे राहून आयुष्य गेले, त्यातला रात्रपाळीनंतरचा वेळ वाचनालयात काढला, तेवढीच आमची शाळा. म्हणून मोठा विषय न घेता एक साधा घेतला आहे. उद्याचे सांगतो म्हणणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत किती नावे आहेत आणि कोणते नाव कोणाच्या वाट्याला आले, एवढेच पाहावयाचे.

मोजायला बसलो तर बोटे पुरत नाहीत. ज्योतिषी, जोशी, दैवज्ञ, भविष्यवेत्ता, ज्योतिषाचार्य ही नावे मानाची. यांना घरात पाट मिळतो. कुडमुड्या, पिंगळा, बुडबुडकी, सरोदे, मेढंगी, नंदीबैलवाला, पोपटवाला ही नावे दाराबाहेरची. यांना मूठभर पीठ मिळते. भगत, देवऋषी, मांत्रिक, अंगात येणारी बाई ही नावे भीतीची, यांना कोंबडी मिळते. काम मात्र तिघांचेही एकच. पुढे काय होणार ते सांगायचे आणि ते टळावे म्हणून काहीतरी घ्यायचे. मग एकाच कामाला तीन पायऱ्यांची नावे का पडली?

जोशी या शब्दापासून सुरुवात करू. मूळ शब्द ज्योतिष, म्हणजे आकाशातल्या ज्योतींची विद्या. ती जाणणारा ज्योतिषी. लोकांच्या तोंडी प्राकृतात त्याचे जोइसी झाले आणि मराठीत जोशी. गावगाड्यात जोशी हे नुसते आडनाव नव्हते, ते वतन होते. बलुतेदारांच्या याद्या गावोगाव थोड्या वेगळ्या असत, पण पुष्कळ याद्यांत जोशीही आहे आणि महारही आहे. दोघेही खळ्यावरच्या धान्यातला वाटा घेणारे. महाराने वर्षभर सरकारी टपाल वाहायचे, वेस राखायची, मेलेले ढोर ओढायचे, तेव्हा बलुते. जोशाने पाडव्याला पंचांग वाचायचे, लग्नाची तिथी सांगायची, तेव्हा बलुते. पण महाराचे बलुते भीक ठरले आणि जोशाच्या वाट्याला दक्षिणा हा शब्द आला. आमची आजी सांगे, की जोशीबुवा महारवाड्यात कधी पाऊल टाकीत नसत. आपला माणूस जाऊन लांब उभा राही, ते ओट्यावरून तिथी सांगत. पैसा जमिनीवर ठेवायचा, ते त्यावर पाणी शिंपडून उचलीत. शनीची दृष्टी कोट्यवधी मैलांवरून महाराच्या पोरावर पडते, पण जोशाला वीस हातांवरून त्याचा विटाळ होतो! या हिशेबाचे उत्तर आम्हांला अजून कोणी दिलेले नाही.

आता दुसरा जोशी पाहा. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत "जोशी" अशी नोंद आहे आणि तिच्याखाली बुडबुडकी, डमरूवाले, कुडमुडे, मेढंगी, सरोदे, सहदेव जोशी, सरवदे अशी पोटनावे आहेत. म्हणजे शब्द तोच, पण एका घरी त्याने वतन दिले आणि दुसऱ्या घरी पाल. कुडमुडे हे हातातल्या लहान डमरूसारख्या वाद्याचे नाव. बुडबुडकी हा तर त्याचा आवाजच. सरोदे हा शब्द स्वरोदयावरून, म्हणजे नाकपुडीतून वाहणाऱ्या श्वासावरून शुभाशुभ सांगण्याच्या विद्येवरून आला असे सांगतात. पिंगळा हे लहान घुबडाचे नाव. त्याच्या ओरडण्यावरून शकुन पाहत, म्हणून भल्या पहाटे कंदील घेऊन दारात येणारा माणूसही पिंगळा. कोणाला वाद्याचे नाव, कोणाला पक्ष्याचे, कोणाला बैलाचे. विद्येचे नाव तेवढे ओट्यावरच्या जोशाकडे राहिले.

भाषा एवढ्यावर थांबली नाही बरं का. "कुडमुड्या जोशी" ही शिवी झाली, अर्धवट आणि फसव्या ज्योतिषाला लावायची. "नंदीबैल" म्हणजे विचार न करता मान डोलावणारा. पाऊस पडेल का म्हणून विचारले की बैल मान हलवतो, पोरे हसतात. पंचांगातले पर्जन्यमान चुकले तर त्या पंचांगाला कोणी नंदीबैल म्हटल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. आम्ही या भटक्या भावांच्या धंद्याची वकिली करीत नाही. त्यांनी सांगितलेले भविष्यही खोटेच. पण ज्याला जमीन नाही, गाव नाही, शाळा नाही, त्याने पोटासाठी डमरू वाजवला, आणि हसण्याचा विषय तेवढा तोच झाला, हे आमच्या मनाला लागते.

यादीतला सहदेव जोशी हा शब्द "सहदेव-भाडळी"ची आठवण देतो. पावसाचे, पिकाचे, शकुनाचे ठोकताळे या जोडनावावर आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आले. काही कथांत सहदेव हा जोशाचा ब्राह्मण बायकोपासूनचा मुलगा आणि भाडळी ही त्याच जोशाची अंत्यज बाईपासूनची मुलगी सांगितली आहे. कथा खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवा. ढग, वारा, मुंग्यांची रांग पाहून पावसाचा अंदाज बांधणारी एक बाई खालच्या जातीतली होती, एवढे तरी लोकांनी लक्षात ठेवले. कोल्हापूर भागात पट्टणकोडोलीच्या यात्रेत धनगरांची भाकणूक होते, बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतकरी माणूस पावसापुढे किती अगतिक असतो, ते या शब्दांत दिसते. आज वर्तमानपत्रे हवामान खात्याच्या अंदाजालाही भाकीत म्हणतात. शब्द जुना राहिला, त्याच्या मागे उपग्रह आला.

आता १८५५ सालाकडे येऊ. जोतीराव फुले तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांनी "तृतीय रत्न" नावाचे नाटक लिहिले. त्यातला जोशी एका कुणब्याच्या घरी जातो. घरात गरोदर बाई. जोशी तिला पोटातल्या मुलावर ग्रह वाकडे आहेत म्हणून भिववतो आणि अनुष्ठान, ब्राह्मणभोजन, दक्षिणा असा खर्च त्या गरिबाच्या गळ्यात बांधतो. मध्ये विदूषक बोलत राहतो, पाद्री येतो, आणि शेवटी नवराबायको दोघेही शिकायला जाण्याचे ठरवतात. हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले होते. कमिटीने ते घेतले नाही. ज्या दक्षिणेच्या फंडावर कमिटी उभी होती त्या दक्षिणेवरच नाटकाने बोट ठेवले, तेव्हा दुसरे काय होणार होते? आम्हांला या नाटकाची मोठी गोष्ट वाटते ती ही, की मराठी रंगभूमीच्या अगदी सुरुवातीच्या काळात एका माळ्याच्या मुलाने "जोशी" हा मानाचा शब्द घेतला आणि तो पोटार्थी फसवणुकीचा शब्द करून दाखवला. आजवर कुडमुड्याला जे म्हणत होते ते त्यांनी ओट्यावरच्या जोशाला म्हटले. १८६९ च्या "ब्राह्मणांचे कसब" या पुस्तकातही त्यांनी हीच नाडी पकडली आहे. मूल जन्मले की, नाव ठेवायचे की, लग्न ठरले की जोशी हजर.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिले सत्यशोधक लग्न लागले, भटजीवाचून. पुढे गावोगाव अशी लग्ने होऊ लागली तेव्हा वतनदार जोशी कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे असे, की तुम्ही आम्हांला बोलवा अगर न बोलवा, आमची दक्षिणा बुडवता येणार नाही, कारण ते आमचे वतन आहे. वाचकहो, जरा विचार करा. भविष्य सांगणाराला गिऱ्हाईक नको असले तरी त्याचे पैसे द्यायचे! हे दावे कित्येक वर्षे चालले. अखेर १९२६ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, की ज्या विधीला बोलावलेच नाही त्याचे मानधन वतनाच्या जोरावर मागता येणार नाही. जोशी या शब्दातले वतन त्या दिवशी निघाले आणि आडनाव उरले. आज त्या आडनावाचे कितीतरी लोक डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, आमच्या युनियनमध्येही होते. त्यांच्याशी आमचे भांडण नाही.

आता आणखी मागे जाऊ. लोक म्हणतात, राशीभविष्य हे वेदकाळापासून चालत आलेले आपले प्राचीन शास्त्र. शब्दच याविरुद्ध साक्ष देतात. "होरा" हा शब्द ग्रीक आहे. "केंद्र" हाही ग्रीकांकडून आला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने आपल्या बृहज्जातकात राशींना क्रिय, तावुरि, जितुम अशी नावेही दिली आहेत, ती सरळ ग्रीक नावांची रूपे आहेत. आपल्याकडे नक्षत्रे जुनी, बारा राशी मागाहून आलेल्या. हाच वराहमिहीर भविष्य सांगणाऱ्याला "सांवत्सर" आणि "दैवज्ञ" म्हणतो आणि राजाला त्याच्यावाचून चालणार नाही असे बजावतो. पण मनुस्मृतीत काय आहे? श्राद्धाला कोणत्या ब्राह्मणांना बोलावू नये त्यांची यादी तिसऱ्या अध्यायात आहे आणि तीत नक्षत्रांवर पोट भरणारा येतो. म्हणजे ज्या पुस्तकाचे २५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी दहन केले, त्या पुस्तकालाही हा धंदा हलका वाटत होता. राजाच्या दरबारात शिरल्यावर तोच माणूस "दैवज्ञ" झाला.

बुद्धांच्या काळी हे लोक नव्हते काय? भरपूर होते, आणि पाली भाषेत त्यांना नावेही भरपूर आहेत. चिन्हे पाहून सांगणारा तो नेमित्तिक, अंगावरची लक्षणे वाचणारा तो लक्खणपाठक, स्वप्नांचा अर्थ लावणारा सुपिनपाठक. दीघनिकायातले पहिलेच सुत्त ब्रह्मजाल सुत्त. त्यात काही श्रमण-ब्राह्मण लोकांनी श्रद्धेने दिलेले अन्न खाऊन कशाकशावर पोट भरतात, त्याची लांबलचक यादी दिली आहे. अंगलक्षणे, उत्पात, स्वप्ने, उंदरांनी कुरतडलेल्या कपड्यावरून शकुन, कावळ्याच्या बोलण्याची विद्या, घराच्या जागेची वत्थुविज्जा (आजचे वास्तुशास्त्र, दुसरे काय!), ग्रहणे, राजाचा जय-पराजय, पाऊस की दुष्काळ, लग्नाला चांगला दिवस, आरशाला विचारलेले प्रश्न, कुमारिकेच्या तोंडून वदवलेले प्रश्न. या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, तिरच्छानविज्जा. तिरच्छान म्हणजे आडवे चालणारे जनावर. आपला "तिरका" त्याच घरचा. श्रमण गोतम या मिच्छा आजीवापासून, म्हणजे खोट्या उपजीविकेपासून, दूर आहेत, असे तेथे म्हटले आहे. राजाचे ग्रहण सांगणारा आणि उंदराचे दात पाहणारा एकाच ओळीत बसवले आहेत. तीन पायऱ्या नाहीत, पाट नाही आणि ओटाही नाही.

त्याच यादीत लक्षणे पाहण्याचा भाग आहे, तो आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक खाली ठेवावे लागले. मण्याची लक्षणे, काठीची लक्षणे, स्त्रीची, पुरुषाची, कुमारीची, मग दासाची लक्षणे, दासीची लक्षणे, आणि लगेच हत्ती, घोडा, रेडा, बैल, बोकड, मेंढा, कोंबडा. बाजारात बैल घेताना दात पाहावेत तशी दासीची लक्षणे पाहणारे लोक होते आणि त्यांना विद्वान समजत होते. भविष्य सांगणाऱ्याला कोणते नाव मिळाले ते आपण इतका वेळ पाहिले. ज्याचे भविष्य सांगितले गेले त्याच्या अंगाला कोणता शब्द चिकटला, तेही पाहायला हवे. "पांढऱ्या पायाची", "मंगळाची", "मूळ नक्षत्रावरची" हे शब्द त्याच बाजारातले आहेत. सांगणारा पुढच्या घरी निघून जातो, शब्द मुलीपाशी राहतो.

येथे कोणी विचारील, की मग असित मुनींचे काय? शुद्धोदनाच्या घरी येऊन त्यांनी बाळाचे भविष्य सांगितलेच ना? होय, सांगितले. पालीत ती कथा आहे, आठ ब्राह्मणांनी लक्षणे पाहिल्याची आणि त्यांतल्या तरुण कौंडिण्याने बाळ बुद्धच होणार असे ठामपणे सांगितल्याचीही कथा आहे. बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात असितांची भेट घेतली आहे. हे लपवण्याचे कारण नाही. आमचे मत असे, की थोर पुरुषाच्या जन्माभोवती लोक अशा कथा गुंफतात, ती त्या काळाची बोली होती. धम्म शोधायचा तो बुद्धांनी पुढे स्वतः काय शिकवले त्यात. आणि जातकांत नक्खत्त जातक आहे, ते तर आपल्या प्रत्येक लग्नघरात वाचून दाखवावे. एका नगरातल्या कुटुंबाने खेड्यातली मुलगी ठरवली, दिवसही ठरला. मग ते आपल्या कुलगुरू आजीवकाला नक्षत्र विचारायला गेले. आधी विचारले नाही म्हणून तो रागावला आणि म्हणाला, आज दिवस वाईट. वऱ्हाड गेलेच नाही. खेड्यातले लोक मांडव घालून वाट पाहत राहिले आणि शेवटी त्यांनी मुलगी दुसऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी हे पोहोचले तेव्हा नुसती भांडणे. नक्षत्र आकाशात होते तिथेच राहिले, फक्त एका माणसाचा राग फिटला.

सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखात आजारपण, लग्न, मूल, प्रवास अशा वेळी लोक करतात त्या क्षुल्लक मंगलविधींविषयी नापसंती आहे, आणि दास-नोकरांशी नीट वागणे हेच खरे मंगल असे सांगितले आहे. या लेखाचा तुकडा नालासोपाऱ्याला सापडला आहे, जिथे गिरणगावातून उठलेली आपली कितीतरी कुटुंबे आज राहतात.

आपल्या वस्तीत काय चालले तेही थोडे सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिने लोटले, पगार नाही, तेव्हा फुटपाथवरच्या पोपटवाल्यांपुढे आणि हात पाहणाऱ्यांपुढे कामगार बसू लागले, असे त्या वेळचे वडीलधारे सांगतात. गिरणी कधी उघडणार, एवढाच प्रश्न. आमच्या खात्यातल्या एका सोबत्याची छाती कापसाच्या धुळीने भरली होती. त्याला गावच्या भगताने करणी सांगितली. दोन कोंबड्या, एक बोकड आणि सहा महिने गेले, मग तो दवाखान्यात गेला. तोवर फुप्फुस राहिले नव्हते.

आता पिंगळ्याचा कंदील दिसत नाही, पण शब्दांची नवी भरती जोरात आहे. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने "ज्योतिर्विज्ञान" नावाचा अभ्यासक्रम आणला. विज्ञान हा शब्द शेपटीला लावला की झाले. त्याविरुद्ध शास्त्रज्ञ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण २००४ साली न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. २००८ साली पुण्यात दिवंगत डॉ. जयंत नारळीकर आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या मिळून दोनशे कुंडल्या गोळा केल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवून उत्तर दिले असते तर जेवढे बरोबर आले असते, तेवढेही आले नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात भगत-मांत्रिकाच्या अघोरी कृत्यांना शिक्षा आहे. जोशी, ज्योतिषी, नंदीबैलवाले आणि वास्तुशास्त्रवाले यांचा सल्ला मात्र कायद्यातून वगळला आहे. ओट्यावरचा जोशी आणि नंदीबैलवाला शेवटी एका ओळीत आले, ते असे.

आपल्या विहारात लग्नाच्या नोंदीचे एक रजिस्टर आहे. जुन्या पानांवर वेळेच्या रकान्यात "सकाळी ११", "रविवार दुपारी", "पाळी सुटल्यावर" असे लिहिलेले आहे. अलीकडच्या पानांवर "१२ वाजून ३७ मिनिटे" अशा वेळा दिसू लागल्या आहेत. ही सदतीस मिनिटे कोणी सांगितली, हे कोणी लिहून ठेवत नाही. रजिस्टर कपाटात वरच्या फळीवर आहे. रविवारी वंदनेनंतर कोणीही येऊन पाहावे.